मैदानापासून खुर्ची किती पावलांवर

समितीत मला घेतलं ते मला फुटबॉल कळतो म्हणून नव्हे. मुंडप्पाडम गावची पूर्ववाडी आणि पश्चिमवाडी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, आणि मी दोन्हीकडचा नाही, म्हणून घेतलं. विट्याहून मलबारात येऊन जुनं सोनं गाळायचं दुकान टाकलं त्याला तेहतीस वर्षं झाली. पोरं इथं शिकली, बायको भाजीवालीशी मल्याळममध्ये भांडते, पण गावाच्या लेखी मी अजून 'सेठ', म्हणजे बाहेरचा. नव्या स्टेडियमची समिती झाली तेव्हा अध्यक्ष कुंजालवी हाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "सचिव सेठला करा. त्याला दोन्ही बाजूंनी शिव्या देता येतील." आणि अगदी तसंच झालं.

पहिल्या बैठकीत एकच प्रश्न होता, खुर्च्या किती. गावची वस्ती वीस हजार. त्यातनं तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि फुटबॉलचं नाव काढलं की कपाळावर आठ्या घालणारी माझ्या बायकोसारखी मंडळी वजा केली, तर राहतात सात-आठ हजार. हाजी म्हणाले, तीस हजार.

"हाजी, माणसं कुठनं आणायची?" मी विचारलं.

"गोल झाला की माणूस उडी मारतो ना, सेठ? खाली येताना तो आपल्याच खुर्चीवर येतो का? एका माणसाला दीड खुर्ची धर."

मग आखातातून सुट्टीवर येणारे धरले. मग शेजारच्या गावचे धरले, कारण आम्ही हरताना बघायला ते न चुकता येतात. कुणीतरी म्हणालं, येत्या दहा वर्षांत जन्मणाऱ्या पोरांचं काय? तीही धरली. अशी बेरीज करत तीस हजार झाले, आणि मी मुकाट्यानं तो कागद कोळिकोडच्या सरकारी क्रीडा ऑफिसात पाठवला. आठ दिवसांत उत्तर आलं: पाच हजार, त्यावर एक नाही. आकाराचा प्रश्न एका ओळीत मिटला.

जागेचा मिटेना. ऑफिसच्या नकाशात मैदानाभोवती पळायचा आठ पट्ट्यांचा ट्रॅक होता. ट्रॅक धरला की बारा एकर लागतात, आणि बारा एकर सपाट जागा म्हणजे सहा किलोमीटर लांब जांभ्या दगडाच्या खाणीची टेकडी. आम्हाला हवी होती गावातली जागा, बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं मैदान, जिथं दर जानेवारीत सात-सात जणांच्या सामन्यांचा हंगाम लागतो. ट्रॅक काढून टाकला तर पाच हजार खुर्च्यांसकट मोठं मैदानही तिथं बसत होतं. दोन्ही वाड्यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. "ट्रॅक कुणाला पाहिजे?" हाजी म्हणाले. "ह्या गावातले पळणारे सगळे दुबईला पळाले."

हे झालं समितीचं. खरं दुखणं बीरानिक्काचं होतं, आणि ते कुठल्या अर्जात लिहिता येत नव्हतं.

बीरानिक्का सत्तरीचा. नाव बीरान, आणि 'इक्का' म्हणजे इकडं दादा. जन्मभर त्याच कारखान्यात कौलं भाजली, आणि घरही कारखान्याच्या भिंतीला टेकूनच. दोन वर्षांपूर्वी मधुमेहानं त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नेला. तेव्हापासून कुबड्या घेऊन घर ते मैदान, एवढाच त्याचा मुलूख. हंगाम सुरू झाला की रेषेला चिकटून त्याची प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीतून रेफरीचा उद्धार. घाणेरडं एक अक्षर नाही हं. घाणेरडी शिवी कुणीही देतं, तो म्हणायचा, तिला अक्कल लागत नाही. शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन आलेली निम्मी माणसं त्याच्या शेजारी जागा मिळावी म्हणून भांडायची. घानाहून आलेला आमचा फॉरवर्ड मल्याळममधलं पहिलं वाक्य त्याच्याकडून शिकला आणि ते त्यानं हॉटेलात चहा मागताना वापरलं. चहा मिळाला नाही.

पाय गेल्यावर भाच्यानं त्याला एकदा हौसेनं जिल्ह्याच्या मोठ्या स्टेडियमवर नेलं, पाठुंगळी मारून वर बसवलं. तो परत आला तो तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "सेठ, तिथनं माणसं मुंग्यांएवढी दिसतात रे. मुंगीला शिवी देऊन काय करायचं?"

"टेकडीवर झालं तर रिक्षानं नेऊ की तुला," मी म्हटलं.

"नवरदेवासारखा? एकदा न्याल, दोनदा न्याल. तिसऱ्यांदा रिक्षावाल्याची मेव्हणी आजारी पडेल. मी माणूस आहे, गॅसचा सिलिंडर नव्हे."

म्हणजे स्टेडियम टेकडीवर गेलं की बीरानिक्काचा फुटबॉल संपला. अख्ख्या गावाला माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. मला तर ह्या विचारानं घास गोड लागायचा नाही, सांगायला लाज कसली? मी इथं आलो तेव्हा भाषेचा एक शब्द येत नव्हता, दुकानात कुत्रं फिरकायचं नाही, आणि त्या दिवसांत रोज संध्याकाळी ज्यानं मला मैदानावर नेऊन शेजारी बसवलं तो हाच माणूस. आता त्याला घरात बसून भिंतीकडं बघत ठेवायचं, तेही माझ्या सचिवपदाच्या सहीनं.

बीरानिक्काच्या शिव्यांचा धनी एकच, अरविंदाक्षन मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. तीस वर्षं झाली शिट्टी वाजवतात, साठी उलटली तरी सोडली नाही. सरळ इतका माणूस की त्रास होतो. एका फायनलला शेवटच्या मिनिटाला त्यांनी स्वतःच्या जावयाच्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली, आणि फाऊल केला होता जावयानंच. त्या ओणमच्या सणाला लेक माहेरी आली नाही. मास्तरांचं म्हणणं, चेंडूला नातं कळत नाही. अशा माणसाला बीरानिक्का तीस वर्षं ओरडून सांगत होता की तुझा निकाल चुकीचा, आणि मास्तरांनी तीस वर्षांत एकदाही मान वळवली नव्हती. बीरानिक्काला हेच खात होतं. "ऐकतो का बहिरा आहे?" तो मला विचारायचा. "एकदा, फक्त एकदा वळून बघ म्हणावं. मग मी मरायला मोकळा."

आमच्या अर्जांना कंटाळून ऑफिसनं श्रीलेखा मॅडमना पाठवलं. इंजिनिअर, तिशीची बाई, हातात छत्री आणि टेप, चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. हाजींच्या लाकडाच्या वखारीत बैठक भरली. बिनदुधाचा सुलेमानी चहा आला तो त्यांनी बाजूला सरकवला.

"ट्रॅक नको म्हणता. कारण सांगा. मला लिहिता येईल असं."

"ट्रॅक आला की खुर्ची लांब जाते," हाजी म्हणाले. "खुर्ची लांब गेली की आवाज पोचत नाही."

"कुणाचा आवाज?"

"गावाचा."

"तो पोचून काय होतं?"

भातात मीठ कशाला घालतात असं विचारल्यागत हाजींनी त्यांच्याकडं बघितलं. "मॅडम, आवाज पोचणार नसेल तर घरचा टीव्ही काय वाईट? तिथं निदान पंखा असतो."

"पोचत नाही हे कशावरून? सगळे नुसते म्हणतात." मॅडमनी टेप वखारीच्या मेजावर ठेवली. "हे बघा. ट्रॅक नसला तर पहिली खुर्ची मैदानाच्या मध्यापासून चाळीस पावलांवर येते. ट्रॅक असला तर पंच्याहत्तर. चाळीसवरून शब्द कळतो आणि पंच्याहत्तरवरून कळत नाही, एवढं मला दाखवा. मी लिहिते, इथं ट्रॅकचं स्टेडियम उपयोगाचं नाही, कारखान्याची जागा द्या. आणि पंच्याहत्तरवरूनही कळला, तर मला परत पत्र पाठवायचं नाही. टेकडीच्या कागदावर सही करायची."

असल्या पैजा शहाणा माणूस घेत नाही. हाजींनी घेतली. "रविवारी सकाळी दहाला," म्हणाले.

नियम मॅडमनीच ठरवले. मास्तर मैदानाच्या मधोमध उभे राहणार, साक्षीला मी. बीरानिक्का खुर्चीवरून ओरडणार, त्याच्या शेजारी मॅडम, तो काय म्हणतो ते त्या लिहिणार. आजूबाजूला सामन्यासारखा गोंगाट पाहिजे. मास्तरांनी जे ऐकू येईल ते कागदावर लिहायचं, मग दोन्ही कागद ताडून बघायचे. मास्तरांचा शब्द शेवटचा. ह्याला मात्र सगळ्या गावानं मान डोलावली, कारण ते खोटं बोलणार नाहीत ह्याबद्दल त्यांच्या व्याह्यांचीही खात्री होती.

बैठक मोडल्यावर हाजींनी मला मागं ओढलं. "सेठ, बीरानला सांग. पहिल्यांदा पोटभर ओरड. दुसऱ्यांदा तोंड मोठं उघड, पण आवाज शेजारच्या मॅडमपुरताच ठेव."

"आणि मास्तरांना?"

"त्याला कळलं तर तो स्वतः जाऊन मॅडमला सांगेल. त्याच्याशी बोलू नकोस, त्याच्याकडं बघूसुद्धा नकोस."

मी बीरानिक्काला सांगितलं. त्यानं दहादा ऐकून घेतलं आणि उरलेल्या पायाची शपथ घेतली. "दुसऱ्यांदा मी मांजर. म्यावच्या वर आवाज जाणार नाही. माझंच मैदान जातंय, मला कळत नाही का?"

रविवारी तीनशे माणूस जमलं. दोन्ही वाड्यांचे ढोल आले, आणि एरवी ते एकमेकांविरुद्ध वाजतात, त्यामुळं त्यांचा एकत्र ठेका काही जमेना, पण गोंगाट भरपूर झाला. मास्तर पांढरा शर्ट, कमरेला पांढरं मुंडू, हातात शाळेतली पुठ्ठ्याची पाटी आणि तिला लावलेला कागद असे मधोमध उभे. मी शेजारी. चाळीस पावलांवर बीरानिक्का खुर्चीत, शेजारी मॅडम छत्री धरून.

हाजींनी हात वर केला. ढोल सुरू झाले, माणसं बोंबलू लागली, आणि त्या सगळ्यातनं बीरानिक्काचा आवाज आला: "मास्तर, सासऱ्यानं पोरगी दिली तेव्हा डोळे तपासले नव्हते का? ती शिट्टी आहे का कुकर? जरा जपून वाजव, बायको डाळ उतरवायला पळेल."

मास्तरांनी आकडा टाकला, एक. त्यापुढं वळणदार अक्षरात सगळं लिहून काढलं, सासऱ्यापासून डाळीपर्यंत, फळ्यावर गणित मांडावं तसं. चेहरा कोरा. मॅडम टेप ओढत आल्या, दोन्ही कागद शेजारी धरले आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "शब्द न् शब्द," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी धावत खुर्ची हलवायला गेलो, तर बीरानिक्का कुबड्यांवर तसाच उभा होता, डोळे लकाकत.

"ऐकत होता, सेठ."

"होय बाबा. चल, आता पंच्याहत्तरवर जायचंय."

"तीस वर्षं ऐकत होता लेकाचा. सगळं. शब्द न् शब्द."

"होय. पण आता मांजर व्हायचंय, ध्यानात आहे ना?"

"सासरा धरून लिहिलं?"

"सासरा धरून. बीरानिक्का, मांजर."

"मांजर, मांजर," तो म्हणाला, पण माझ्याकडं बघून नाही. त्याची नजर लांब त्या पांढऱ्या शर्टावर लागलेली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. जित्याची खोड, दुसरं काय.

मी परत मास्तरांशेजारी जाऊन उभा राहिलो. पंच्याहत्तर पावलांवरून बीरानिक्का खरंच लहान दिसत होता. हाजींनी हात वर केला, ढोल सुरू झाले. मी बघतोय तो बीरानिक्कानं एक कुबडी मॅडमच्या हातात दिली. खुर्ची सोडून एका पायावर ताठ उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला.

"अरविंदाक्षा! शंभर जन्म घेतलेस आणि शंभर जन्म शिट्टी वाजवलीस, तरी एक निकाल बरोबर देणार नाहीस! तुझ्या शाळेतली पोरं पास झाली ती तुला दिसत नाही म्हणून!"

पूर्ववाडीचा ढोलवाला वाजवायचा थांबला. कारखान्याच्या धुराड्यावरचे कावळे उडाले. इतका मोठा आवाज मी त्याच्या तोंडून पाय शाबूत असतानाही ऐकला नव्हता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. हाजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, आणि मी मनातल्या मनात टेकडीच्या कागदावर सही करून मोकळा झालो.

मास्तरांनी पेन्सिल टेकली. आकडा टाकला, दोन. मग पेन्सिल थांबली.

आणि त्यांनी मान वळवली. तीस वर्षांत पहिल्यांदा. पंच्याहत्तर पावलांवर एका पायावर डुलत उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याकडं त्यांनी बघितलं, बराच वेळ. त्याच्या मागची भिंत, भिंतीपलीकडचं त्याचं कौलारू घर, तेही बघितलं. मास्तरांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. मग त्यांनी पेन्सिल खिशात घातली. कागदावर दोनाचा आकडा होता, त्यापुढं काही नव्हतं.

मॅडम त्याची कुबडी त्याच्याकडं परत देऊन चालत आल्या. कागद बघितला, मास्तरांकडं बघितलं.

"काही ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले. कानाच्या पाळ्या लालभडक झालेल्या.

"काहीच नाही?"

"ढोल ऐकू आले."

तीनशे माणसं उभी होती. ह्या गावात तिघांत सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत आखातात पोचते, पण त्या क्षणी एकानं तोंड उघडलं नाही. मॅडमनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पेनचं टोपण काढलं. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात कुबड्यांचा खाडखाड आवाज करत बीरानिक्का आला, तोंड लालबुंद, घामानं निथळत. पंच्याहत्तर पावलं इतक्या झपाट्यानं तो पाय गेल्यापासून चालला नसेल.

"खोटारडा," तो म्हणाला. "वळून बघितलंस तू. मी बघितलं वळताना. धुराड्यावरच्या कावळ्यांना ऐकू गेलं आणि ह्याला गेलं नाही? मॅडम, लिहू नका. निकाल चुकीचा आहे."

हाजी मटकन खाली बसले. मी बीरानिक्काचा शर्ट मागनं ओढत होतो, त्यानं हात झटकला. मला असा राग आला त्याचा की सांगता सोय नाही. ह्याच्यासाठी गाव जीव टाकतंय, मास्तरांनी आयुष्यभराची कमाई मातीत घातली, आणि ह्याला पडलंय आवाजाचं.

मॅडमचं पेन हवेतच राहिलं. "इक्का, तुमचा आवाज मला तर मोठा वाटला. मास्तरांनी ऐकला असं तुमचं म्हणणं असेल तर मला तसं लिहावं लागेल. नीट विचार करून सांगा." एवढं बोलून त्या टेप गुंडाळायला चार पावलं लांब गेल्या. मुद्दाम गेल्या का खरंच गुंडाळायची होती, देव जाणे.

मास्तर पुढं आले. ते दोघं हातभर अंतरावर उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. मी मधे अडकलेला, म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर त्यांनी इतक्या हळू सांगितलं की बीरानिक्कालाच कळावं.

"बीराना, तीस वर्षं तू ओरडतोस की मी चुकीचा निकाल देतो. एकही चुकीचा नव्हता. आज पहिला दिलाय. फुकट घालवू नकोस."

बीरानिक्कानं मास्तरांच्या हातातल्या कागदाकडं बघितलं, त्या दोनाच्या आकड्याकडं. मग मास्तरांकडं. डॉक्टरांनी पाय काढायचा म्हणून सांगितलं तेव्हा मी त्याच्या खाटेशी होतो, तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. तीनशे माणसं त्याच्याकडं बघत होती, त्यातली निम्मी त्याच्या आवाजासाठी शेजारी बसायला भांडणारी.

मॅडम टेप पिशवीत टाकून परत आल्या. "काय लिहू, इक्का?"

बीरानिक्कानं बाहीनं तोंड पुसलं. बोलला तेव्हा आवाज इतका बारीक होता की मॅडमना वाकावं लागलं.

"घसा बसलाय माझा, मॅडम. पूर्वीसारखा आवाज राहिला नाही. नाही पोचत आता तिथनं."

"म्हणजे मास्तरांचा निकाल?"

तो कुबड्या सावरत मास्तरांकडं वळला.

"बरोबर आहे," बीरानिक्का म्हणाला. "निकाल बरोबर आहे."